कवच आणि दमसास: मिश्र युद्धकलेच्या तयारीविषयी

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजेच संक्षेपाने एमएमए, हा उभ्याने प्रहार करणे, प्रतिस्पर्ध्याला धरून खाली पाडणे आणि जमिनीवर त्याला दाबून, गळा आवळून किंवा सांधा पिळून शरण आणणे या तिन्ही गोष्टींना एकाच लढतीत मुभा देणारा क्रीडाप्रकार आहे. मुष्टियुद्ध, कुस्ती, जुदो, मुए थाई या प्रत्येक जुन्या प्रकाराने आपापली हद्द आखून घेतली होती आणि त्या हद्दीला साजेशी साधने व व्यायामही काळाच्या ओघात निश्चित केले होते. एमएमएने या हद्दी पुसल्या, तेव्हा त्यांवर बेतलेली सामग्री आणि मेहनतीच्या पद्धतीही अपुऱ्या पडल्या. मुष्टियोद्ध्याचे जाड ग्लोव्हज घालून पट काढता येत नाही, मल्लाच्या उघड्या मुठीने कवटीवर ठोसा हाणला तर बहुधा हाताचेच हाड मोडते, आणि लांब पल्ल्याच्या धावकाचा दम कमरेला मिठी पडताच दोन मिनिटांत संपतो. लढवय्याने अंगावर काय घालावे आणि अंग कसे घडवावे, हे दोन्ही प्रश्न त्यामुळे नव्याने उभे राहिले, आणि त्यांच्या उत्तरांचा जो शोध गेली काही दशके जगभर चालू आहे तोच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

साधने आणि शारीरिक तयारी यांची चर्चा बहुधा वेगवेगळी होते. साधनांची चर्चा खरेदीच्या यादीपाशी थांबते आणि तयारीची चर्चा व्यायामाच्या तक्त्यापाशी. या ग्रंथाची मूळ भूमिका अशी की ही दोन्ही एकाच प्रश्नाची अंगे आहेत: माणसाचे शरीर किती सराव, किती वर्षे, धडधाकट राहून पेलू शकते? अजिंक्यपदाची लढतही पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची, म्हणजे जास्तीत जास्त पंचवीस मिनिटांची असते. तिच्यामागे मात्र वर्षानुवर्षांचा सराव असतो, आणि लढवय्याने आयुष्यात सोसलेल्या प्रहारांपैकी बहुतेक प्रहार प्रेक्षकांसमोर नव्हे, तर सरावाच्या मॅटवर झालेले असतात. त्यामुळे साधन चांगले की वाईट आणि मेहनत योग्य की अयोग्य, हे एका लढतीच्या निकालावरून ठरवता येत नाही. उद्याचा सराव करण्याजोगे शरीर आज राखले गेले की नाही, हीच त्याची खरी कसोटी ठरते.

या क्रीडाप्रकाराच्या घडणीत तीन प्रवाह प्रमुख मानले जातात. पहिला ब्राझीलचा: जपानी जुदोपटू मित्सुयो माएदा यांच्याकडून शिकलेले कार्लोस ग्रेसी आणि त्यांचे बंधू यांनी जमिनीवरील झुंजीचे एक शास्त्र विकसित केले आणि 'व्हाले तुदो', म्हणजे जवळजवळ निर्बंधमुक्त, लढतींतून ते पारखून घेतले. दुसरा जपानचा: 1976 साली टोकियोत मुहम्मद अली आणि अंतोनियो इनोकी यांच्यात पंधरा फेऱ्यांची जी बरोबरीची लढत झाली तिने दोन भिन्न शास्त्रे समोरासमोर आल्यास काय होईल याचे कुतूहल जागे केले, पुढे सातोरू सायामा यांनी ऐंशीच्या दशकात शूटो हा प्रकार उभा केला, तर मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी 1993 च्या सप्टेंबरमध्ये पँक्रेस ही लढती भरवणारी संस्था सुरू केली. तिसरा प्रवाह अमेरिकेचा: 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हर येथे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची, म्हणजे यूएफसीची, पहिली स्पर्धा झाली आणि तुलनेने किरकोळ अंगाच्या रॉयस ग्रेसी यांनी ती जिंकली. त्या स्पर्धेत ना वजनी गट होते ना सक्तीचे ग्लोव्हज. एक मुष्टियोद्धा तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता, आणि नियम किती अनिश्चित होते हे त्या एका दृश्यावरूनच ध्यानात येते.

साधने आणि तयारी या दोन्ही बाजूंनी पाहता 27 जुलै 1997 रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे झालेली यूएफसीची चौदावी स्पर्धा हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. याच स्पर्धेपासून ग्लोव्हज सक्तीचे झाले, आणि याच स्पर्धेत मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरने मार्क कोलमन या बलाढ्य मल्लाला हरवले. कोलमन 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उतरलेले कुस्तीगीर होते. प्रतिस्पर्ध्याला खाली पाडायचे आणि वर बसून ठोसे हाणायचे, हे त्यांचे तंत्र तोपर्यंत कोणालाही मोडता आले नव्हते. स्मिथही सुरुवातीला खाली पडले, पण तळाशी राहून त्यांनी बचाव केला, श्वास राखला आणि वेळ जाऊ दिला. पंधरा मिनिटांची मुख्य लढत आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन वाढीव फेऱ्या अशा एकवीस मिनिटांच्या त्या झुंजीत कोलमन यांचा दम उत्तरार्धात उखडला, हात खाली आले, आणि पंचांनी कौल स्मिथ यांच्या बाजूने दिला. दमसास हेही एक शस्त्र आहे, हे या लढतीने सर्वांना दाखवून दिले. स्मिथ यांच्यासोबत सराव करणारे फ्रँक शॅमरॉक यांनी 1999 साली आपल्याहून धिप्पाड अशा टिटो ऑर्टिझ यांना चौथ्या फेरीत शरण आणले, तेव्हा तो धडा पक्का झाला. त्यानंतर न्यू जर्सी राज्याच्या नियामक मंडळाने 2000 आणि 2001 या वर्षांत एकीकृत नियमांची जी चौकट घातली तिच्यातून वजनी गट, पाच मिनिटांच्या फेऱ्या, फेऱ्यांमधील एका मिनिटाची विश्रांती आणि ग्लोव्हजचे वजन या गोष्टी स्थिर झाल्या. आजची सारी साधने आणि सारा व्यायाम याच चौकटीला धरून आहे.

साधनांचा विचार ग्लोव्हजपासून सुरू करणे सयुक्तिक ठरते, कारण या क्रीडाप्रकारातील साऱ्या तडजोडी त्या लहानशा वस्तूत एकवटलेल्या आहेत. लढतीचे ग्लोव्हज साधारण चार औंसांचे, म्हणजे सुमारे 113 ग्रॅमचे असतात आणि त्यांत बोटांची टोके उघडी असतात, जेणेकरून ठोसाही मारता यावा आणि मनगटही धरता यावे. ग्लोव्हज प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याचे रक्षण करतात हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ते मुख्यत्वे मारणाऱ्याच्या हाताचे रक्षण करतात. करंगळीच्या मागचे तळहाताचे हाड उघड्या मुठीने कवटीवर मारताना सहज मोडते, म्हणून उघड्या हाताने लढणारा डोक्यावर मारताना जपून मारतो. हात झाकला गेला की ती भीती कमी होते आणि डोक्यावरील प्रहारांना मोकळीक मिळते. उघड्या बोटांमुळे डोळ्यात बोट जाण्याचा धोका उरतो तो वेगळाच. तो कमी करण्यासाठी बोटांना मुडपलेला आकार देणारे नवे ग्लोव्हज यूएफसीने 2024 च्या जूनमध्ये आणले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते मागे घेऊन जुनेच पुन्हा वापरात आणले. तीन दशकांच्या अनुभवानंतरही या एका साधनाचा प्रश्न सुटलेला नाही, हे नवशिक्याने आरंभीच समजून घ्यावे.

सरावाची साधने लढतीच्या साधनांहून वेगळी असतात, कारण त्यांचा हेतूच वेगळा असतो. स्पारिंगसाठी, म्हणजे जोडीदाराशी केलेल्या झुंजीच्या सरावासाठी, उभ्या प्रहारांत सोळा औंसांचे जाड ग्लोव्हज, पकडीसह सराव असेल तर सात औंसांच्या आसपासचे उघड्या बोटांचे ग्लोव्हज, नडगीवर गादीचे शिनगार्ड, तोंडात माउथगार्ड आणि जांघेत गार्ड, असा किमान संच धरला जातो. ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी दुर्लक्षित राहते, वास्तविक ती तितकीच महत्त्वाची आहे. सुमारे साडेचार मीटर लांबीची ही पट्टी अंगठ्यात अडकवून आधी मनगटाभोवती, मग बोटांच्या पेरांवर, मग बोटांच्या मधून आणि शेवटी पुन्हा मनगटावर अशी गुंडाळतात. बोटे पसरून गुंडाळली तरच मूठ आवळताना ती नेमकी ताणली जाते, आणि मनगट व तळहाताची हाडे एकसंध राहून ठोशाचा धक्का पेलतात. माउथगार्डच्या बाबतीत गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवायचा प्रकार स्वस्त असतो, तर दंतवैद्याने ठसा घेऊन केलेला प्रकार महाग असला तरी श्वासाला कमी अडथळा करतो. दात आणि ओठ यांचे रक्षण दोन्ही करतात, मेंदूच्या रक्षणाची हमी मात्र कोणताही देत नाही.

हेच हेडगार्डलाही लागू पडते. ते भुवईवरची जखम आणि कानाची इजा टाळते. पण मेंदूला होणारी इजा कवटी वेगाने हलल्याने, आतल्या आत मेंदू हिसडला गेल्याने होते आणि डोक्याभोवतीची गादी तो हिसका थांबवू शकत नाही. हौशी मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेने 2013 साली वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढून टाकले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष मुष्टियोद्धे त्याविना उतरले, त्यामागे हा विचारही होता. साधन अंगावर असल्याने वाटणारी निर्धास्तता अनेकदा मूळ धोक्याहून घातक ठरते, कारण गादी आहे म्हणून मारणारा जोर वाढवतो आणि सोसणारा अधिक सोसतो. साधनांच्या यादीत न येणारे पण सर्वांत मोलाचे साधन म्हणजे पायाखालची मॅट: ती पुरेशी जाड, फटी नसलेली आणि रोज जंतुनाशकाने पुसलेली असावी लागते. दमट हवेत एका मॅटवर अनेकांनी घाम गाळला की गजकर्णासारखे त्वचारोग पसरतात आणि सरावाचे आठवडेच्या आठवडे वाया जातात.

शारीरिक तयारीच्या प्रांतात अनेक परंपरांचे संमेलन झालेले दिसते. मुष्टियुद्धाने पहाटेची धाव, दोरीवरच्या उड्या, जड बॅगवरचा सराव आणि फेरीच्या वेळेनुसार काम करण्याची शिस्त दिली. अमेरिकन आणि सोव्हिएत कुस्तीने मान, कंबर आणि पकड यांची ताकद तर दिलीच, शिवाय दमलेल्या अवस्थेत ताज्या जोडीदाराशी सलग झुंजण्याची रीतही दिली. ब्राझिलियन जुजित्सूने कमीत कमी बळात अधिकाधिक काम साधण्याचा आणि श्वासावर ताबा ठेवण्याचा विचार दिला. जपानी प्रवाहाच्या मुळाशी असलेला दुवा मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमधील विगन येथे बिली रायली यांच्या आखाड्यात तयार झालेले कार्ल गॉच हे भारतीय पद्धतीचे जोर, बैठका आणि गदा यांचे कट्टर पुरस्कर्ते होते. पत्त्यांचा जोड पिसायचा, प्रत्येक रंगाला एक व्यायाम ठरवायचा आणि पान निघेल तितक्या वेळा तो करत सगळा जोड संपवायचा, ही त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. इनोकी, सायामा, फुनाकी आणि सुझुकी हे सारे या ना त्या काळात त्यांच्या हाताखाली शिकले. शूटो आणि पँक्रेस यांच्या पायाभरणीत अशा रीतीने हिंदुस्थानी तालमीतल्या मेहनतीचाही वाटा आहे.

या परंपरांना क्रीडाविज्ञानाची जोड मिळाली ती शरीरातील ऊर्जेच्या मार्गांचा विचार पुढे आल्यावर. स्नायू तीन मार्गांनी ऊर्जा मिळवतात: पहिला मार्ग साठवलेल्या फॉस्फेटचा, जो दहा-एक सेकंदांच्या स्फोटक हालचालीला पुरतो, दुसरा साखरेचे प्राणवायूविना विघटन करणारा, जो मिनिट-दीड मिनिट जोर पुरवतो पण स्नायूंत जळजळ आणि थकवा मागे ठेवतो, आणि तिसरा प्राणवायूच्या साहाय्याने चालणारा, जो मंद असला तरी दीर्घकाळ टिकतो आणि पहिल्या दोहोंची झीज भरून काढतो. एका पाच मिनिटांच्या फेरीत लढवय्या या तिन्ही मार्गांवर पुन्हा पुन्हा ये-जा करतो. तो अचानक पटात शिरतो, रिंगणाभोवतीच्या जाळीला दाबून ताकदीने धरून ठेवतो, मग सुटून अंतर राखत फिरतो. धरून ठेवण्याच्या क्रियेत आकुंचन पावलेल्या स्नायूंमुळे अग्रबाहूतील रक्तप्रवाह रोखला जातो आणि हात भरून येतात. ज्याने केवळ धावून दम कमावला आहे त्याला त्या दमाची मर्यादा नेमकी इथे कळते.

या विचारावर आज दोन मुख्य मतप्रवाह उभे आहेत. एक म्हणतो की तयारी लढतीसारखीच असावी, म्हणून फेरीच्या मापाने बॅग, पॅड, पकड आणि तीव्र व्यायाम यांचे फेर करावेत. दुसरा म्हणतो की लढतीचे कसब मॅटवरच शिकावे आणि व्यायामशाळेत मात्र ताकद, वेग आणि हृदयाची क्षमता हे सामान्य गुण शांतपणे, टप्प्याटप्प्याने वाढवावेत. या टप्प्यांच्या आखणीला कालखंडबद्ध नियोजन म्हणतात आणि त्याची शास्त्रीय मांडणी लेव्ह मात्वेयेव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने केली. पहिल्या मताचे आकर्षण मोठे असले तरी त्याचा अतिरेक धोक्याचा ठरतो, कारण रोजच दम उखडेपर्यंत केलेली मेहनत शरीराला सावरू देत नाही. इझुमी ताबाता यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील वीस सेकंद श्रम आणि दहा सेकंद विश्रांती ही योजना आज सर्रास वापरली जाते. पण मूळ प्रयोग स्थिर सायकलवर, सात-आठ फेरांतच माणूस थकून जाईल अशा तीव्रतेने केलेला होता, आणि ती तीव्रता न राखता केवळ घड्याळाचे आकडे उचलल्याने तो परिणाम मिळत नाही. दोन्ही मतांतील ग्राह्य भाग वेगळा काढणे आणि शिकणाऱ्याच्या वयाला, अनुभवाला व हंगामाला साजेसे त्यांचे प्रमाण सुचवणे, हे या ग्रंथाने आपले काम मानले आहे.

दोन बाबतींत मात्र ग्रंथाची भूमिका तडजोडीची नाही. पहिली स्पारिंगची. पूर्ण जोराने वारंवार डोक्यावर मार घेतल्याने माणूस कणखर होतो ही समजूत खोटी आहे. मेंदूला मार पचवण्याची सवय लागत नाही, इजा साचत जाते. मॅक्स हॉलोवे यांच्यासारख्या जागतिक विजेत्यानेही सरावातील स्पारिंग सोडल्याचे उघडपणे सांगितले आहे, आणि कमी जोराचा, तंत्रप्रधान सराव हीच आता जाणत्या प्रशिक्षकांची दिशा आहे. दुसरी बाब वजन उतरवण्याची. वजन मोजण्याच्या आधीच्या दिवसांत पाणी तोडून, गरम पाण्यात बसून, प्लॅस्टिकचा सूट घालून शरीरातील पाणी काढण्याची प्रथा कुस्तीतून या क्षेत्रात आली. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत अशाच प्रकाराने तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये यांग जियानबिंग हे चिनी लढवय्ये वजन उतरवताना प्राणास मुकले. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या संस्थेने लढवय्यांच्या शरीरातील पाण्याची तपासणी सक्तीची केली. शरीर कोरडे पडल्यावर हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि डोक्याला लागलेला मार अधिक घातक होण्याची भीती असते. म्हणून वजनाचा विचार आहाराचा, म्हणजे महिन्यांच्या नियोजनाचा, विषय मानला पाहिजे. तो घामाचा विषय नव्हे.

हा विषय आज मराठीत मांडण्याचे कारण सरळ आहे. 2012 साली मुंबईत सुपर फाइट लीगची पहिली स्पर्धा झाली. 2017 साली भरत खंडारे हे कुस्तीतून आलेले लढवय्ये शांघायमध्ये यूएफसीच्या जाळीत उतरले. 2023 साली अंशुल जुबली यांनी रोड टू यूएफसी ही स्पर्धा जिंकली, आणि 2024 च्या जूनमध्ये वुशूची पार्श्वभूमी असलेल्या पूजा तोमर या यूएफसीत लढत जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. ज्या महाराष्ट्राने खाशाबा जाधवांना घडवले, जिथे कोल्हापुरात आजही पहाटे तालमींत जोर-बैठकांचा घाम गाळला जातो, तिथल्या मुलामुलींना या खेळाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मल्लाकडे तयार मांड्या, मजबूत मान आणि पट काढण्याचे कसब हे भांडवल असते. पण सहा मिनिटांच्या गादीवरच्या कुस्तीला पुरणारा दम पंधरा मिनिटांच्या लढतीला पुरत नाही, आणि चीत होऊ नये म्हणून पोटावर वळण्याची हाडीमाशी मुरलेली सवय इथे प्रतिस्पर्ध्याच्या हाती पाठ आणि पाठोपाठ गळा देते. हे भांडवल कसे वापरावे आणि ही सवय कशी बदलावी, हे सांगणारे मार्गदर्शन त्यांच्या भाषेत असायला हवे.

व्यायामविषयक लेखनाची मराठीत थोर परंपरा आहे. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला अनेक खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' हे तिचे ठळक उदाहरण. प्रस्तुत ग्रंथ त्या परंपरेला स्मरून लिहिला गेला असला तरी त्याची महत्त्वाकांक्षा मर्यादित आहे. तो डावपेच शिकवत नाही, कारण ते वस्तादाच्या नजरेखालीच शिकायचे असतात. तो कोणत्याही एका कंपनीच्या मालाची शिफारस करत नाही. आणि वैद्यकीय सल्ल्याची जागाही घेत नाही. प्रत्येक साधन कोणत्या धोक्यासाठी आहे आणि कोणत्या धोक्यापुढे ते निरुपयोगी आहे, प्रत्येक व्यायाम शरीराच्या कोणत्या गरजेला उत्तर देतो आणि कधी थांबवावा, हे कारणासह सांगणे एवढेच त्याने हाती घेतले आहे. नवशिका, त्याचे पालक, लहान गावात भाड्याच्या हॉलमध्ये वर्ग चालवणारा प्रशिक्षक आणि तालमीतून या क्षेत्राकडे वळू पाहणारा मल्ल, असे वाचक डोळ्यांसमोर ठेवून त्याची रचना केलेली आहे. खर्च कमी असताना आधी काय घ्यावे आणि कशाशिवाय सराव सुरूच करू नये, याचा विचार म्हणूनच त्यात जागोजागी आढळेल.

लढतीत हार-जीत होतच राहते आणि ती पुसताही येते. मोडलेला गुडघा, दुखावलेला मेंदू आणि वजनापायी गमावलेला जीव पुसता येत नाही. तरुण लढवय्याला शौर्य शिकवावे लागत नाही, ते घेऊनच तो आलेला असतो. त्याला शिकवायचा असतो तो विवेक: आज किती करावे, काय घालून करावे आणि कुठे थांबावे याचा. पदकांइतकीच, खेळ सोडल्यानंतरही शाबूत असलेली आपल्या शिष्यांची शरीरेही प्रशिक्षकाची कमाई मानली जावीत, हा आग्रह धरून हा ग्रंथ वाचकांच्या हाती दिला जात आहे.